प्रवाळ मिटले तर आधी पाणी तपासा

काचेच्या टाकीत खारे पाणी भरून त्यात प्रवाळ वाढवायचे, हा छंद खर्चिक आहे. मोठ्या शहरांतली हॉटेले, दवाखाने, कार्यालये आणि बड्या लोकांचे दिवाणखाने यांत अशा टाक्या दिसतात. पण टाकी एकाची आणि ती सांभाळणारे हात दुसऱ्याचे, असेच बहुतेक ठिकाणी असते. आठवड्याला बादली आणि रबरी नळी घेऊन पाणी बदलायला जाणारी मुले कष्टकरी घरांतली असतात. प्रवाळ मेले की पहिला ठपका त्यांच्यावर येतो, कधी पगारही कापला जातो. काही घरांत आता मुलांच्या हौसेने छोटी टाकीही आली आहे. तेव्हा हा विषय श्रीमंतांचा म्हणून बाजूला ठेवण्यासारखा नाही. ज्याला कारण कळते, त्याच्यावर खोटा ठपका ठेवणे कठीण जाते.

हे झाड नव्हे, प्राणी आहे

मऊ प्रवाळ दिसायला झुडपासारखे किंवा अळंबीसारखे असते, पण तो प्राण्यांचा समूह आहे. त्यावरच्या प्रत्येक फुलासारख्या जिवाला आठ बाहू असतात. दगडी प्रवाळासारखा चुन्याचा सांगाडा त्याला नसतो. अंगात चुन्याच्या बारीक काड्या तेवढ्या असतात. त्याच्या शरीरात सूक्ष्म शैवाल राहते, ते उजेडावर अन्न तयार करते आणि त्यातला वाटा प्रवाळाला मिळतो. म्हणजे उजेड, उष्णता आणि पाणी यांपैकी एक जरी बिघडले तरी ही भागीदारी मोडते. बाजारात लेदर कोरल, झेनिया, ग्रीन स्टार पॉलिप अशी नावे ऐकू येतात, ती याच कुळातली.

मिटले म्हणजे मेले असे नाही

लेदर कोरल अधूनमधून मिटते. त्याच्या अंगावर मेणासारखा चकचकीत पापुद्रा धरतो आणि काही दिवसांनी तो गळून पडतो. काही वेळा याला दोन आठवडेही लागतात. नवखा माणूस इथेच घाबरतो आणि औषधाची बाटली उघडतो. अंग घट्ट असेल, दुर्गंधी नसेल आणि शेजारची इतर प्रवाळे फुललेली असतील, तर हात लावू नये. पंपाचा प्रवाह थोडा त्याच्या बाजूला वळवावा, म्हणजे पापुद्रा सुटायला मदत होते. एकाच वेळी टाकीतली सगळी प्रवाळे मिटली, तर मात्र दोष पाण्यात आहे असे समजून लगेच तपासणीला लागावे.

तपासणीचा क्रम

पहिली पाहणी उष्णतेची. पाणी २४ ते २७ अंश सेल्सिअस असावे. ३० च्या वर गेले की धोका. १९९८ साली समुद्र तापला तेव्हा लक्षद्वीपची प्रवाळे मोठ्या प्रमाणावर पांढरी पडून मेली. जे समुद्रात घडते ते टाकीत त्याहून लवकर घडते, कारण टाकीत पाणी थोडे असते. एप्रिल-मे महिन्यांत झाकण काढून पाण्यावर छोटा पंखा सोडला तर दोन-तीन अंशांचा फरक पडतो.

दुसरी पाहणी मिठाची. पाण्याची घनता १.०२५ च्या आसपास हवी. पंख्याने आणि उन्हाळ्याने पाणी आटते, पण मीठ आटत नाही, ते मागे राहते. म्हणून आटलेल्या पाण्याच्या जागी खारे पाणी घालू नये, आर.ओ.चे गोडे पाणीच घालावे. काचेवर पेनने एक रेघ मारून ठेवावी आणि रोज त्या रेघेपर्यंत भर घालावी. नळाच्या पाण्यात क्लोरीन असते, ते तसेच ओतू नये. खारे पाणी करायला स्वयंपाकघरातले मीठ चालत नाही. मत्स्यपेटीसाठी मिळणारे समुद्री मीठच लागते.

तिसरी पाहणी अमोनिया आणि नायट्राइटची. दोन्ही शून्य हवीत. कुठे दगडामागे मासा मरून पडला असेल, खाणे जास्त झाले असेल किंवा फिल्टर बंद पडला असेल, तर ती वाढतात. अशा वेळी मेलेले काढून टाकावे आणि १० ते २० टक्के पाणी बदलावे. नवे पाणी त्याच उष्णतेचे आणि त्याच घनतेचे असावे.

शेवटी के.एच., नायट्रेट आणि फॉस्फेट. के.एच. ८ ते ११ असावा आणि रोज खालीवर होऊ नये. नायट्रेट फार वाढू देऊ नये, पण अगदी शून्यही नको. मऊ प्रवाळ त्यातूनही पोषण घेते. पाणी अतिस्वच्छ करण्याच्या नादात ते उपाशी राहून बारीक होत जाते.

रंग आणि रूप काय सांगते?

प्रवाळ पांढरे पडत असेल तर उष्णता किंवा उजेड जास्त झाला असावा. नवा दिवा बसवला असेल तर त्याचा जोर कमी करून पुढे हळूहळू वाढवावा. देठ उंच ताणून प्रवाळ दिव्याकडे झेपावत असेल तर उजेड कमी पडतो आहे. अंगावर गाळ साचत असेल तर प्रवाह कमी आहे. आणि एकाच बाजूने दुमडून राहत असेल तर पंपाचा झोत थेट त्यावर येतो आहे.

शेजारही पाहावा. लेदर जातीची प्रवाळे आपली जागा राखण्यासाठी पाण्यात विषारी द्रव्ये सोडतात. त्याने जवळची प्रवाळे खंगतात. दोघांत अंतर वाढवावे आणि फिल्टरमध्ये ॲक्टिव्हेटेड कार्बनची पिशवी ठेवावी. कार्बन ही द्रव्ये शोषून घेतो. तो महिन्याभराने तरी बदलावा.

एखादा भाग काळा, बुळबुळीत होऊन कुजत असेल, वास येत असेल, तर वाट पाहू नये. प्रवाळ टाकीच्याच पाण्याच्या वेगळ्या भांड्यात घेऊन स्वच्छ, धारदार ब्लेडने कुजलेला भाग थोड्या निरोगी भागासह कापावा. कापलेला तुकडा आणि भांड्यातले पाणी टाकीत परत घालू नये. उरलेला भाग बहुधा पुन्हा भरून येतो.

औषधाची घाई नको

माशांच्या अंगावरच्या पांढऱ्या ठिपक्यांवर मिळणाऱ्या बऱ्याच औषधांत तांबे असते. ते प्रवाळाला मारते. माशांना औषध द्यायचे तर वेगळ्या टाकीत द्यावे. दुसरे असे, की एका दिवशी एकच बदल करावा. दिवा, मीठ, औषध आणि जागा चारही एकदम बदलले, तर कशाने बरे वाटले आणि कशाने बिघडले, हे कधीच कळत नाही. शंभर पानी वही करून त्यात तारीख, उष्णता, घनता आणि केलेला बदल लिहावा. टाकी सांभाळणाऱ्या मुलांनी तर ही वही जिवापाड जपावी. मालक जाब विचारील त्या दिवशी तोंडच्या शब्दाला कोणी विचारत नाही. तारीखवार लिहिलेली वही दाखवता येते.

घरातल्या मुलांना जपा

मऊ प्रवाळांबरोबरच 'झोआ' किंवा 'बटन पॉलिप' नावाचे रंगीत जीव विकले जातात. त्यांतल्या काहींत पॅलिटॉक्सिन हे अत्यंत जहाल विष असते. असा दगड कधीही उकळू नये, त्यावर गरम पाणी ओतू नये, कोरडा घासू नये. परदेशांत असे केल्याने अख्खे कुटुंब रुग्णालयात दाखल झाल्याच्या घटना नोंदल्या गेल्या आहेत. टाकीत हात घालताना हातमोजे आणि चष्मा वापरावा. हाताला जखम असेल तर काम दुसऱ्याकडे द्यावे, नंतर साबणाने हात धुवावेत. काम करून आल्यावर श्वास लागला, ताप आला किंवा डोळे जळजळले, तर डॉक्टरांना प्रवाळाचे काम केले होते हे आधी सांगावे. टाकीची बादली आणि भांडी स्वयंपाकघरात आणू नयेत.

समुद्रातून उचलून आणू नका

आपल्या कोकणातही प्रवाळ आहे. मालवणचे सागरी अभयारण्य १९८७ साली जाहीर झाले. दगडी प्रवाळ आणि समुद्रपंखा यांना २००१ पासून वन्यजीव कायद्याचे संरक्षण आहे. ते काढणे, विकणे गुन्हा ठरतो, आणि मोठ्या व्यापाऱ्याऐवजी पिशवी घेऊन जाणारे पोरगेच आधी सापडते. दुकानातून घेतानाही माल कुठला हे विचारावे आणि पावती घ्यावी. पावती न देणाऱ्याकडून घेऊ नये.

टाकीतला जीव बोलत नाही. मिटून, रंग टाकून, वाकून तो आपली तक्रार सांगतो. ती ऐकायला मोठी पदवी लागत नाही. थर्मामीटर, घनता मोजायचे साधन, दोन-चार टेस्ट किट आणि एक वही एवढे पुरते. आपल्या घरातला मुलगा किंवा मुलगी हे काम करत असेल, तर हा मजकूर त्यांना वाचायला द्यावा आणि पहिल्या पगारातून वही-पेन आधी घ्यायला सांगावे.