नकाशा 1991 चा, धोरण 2025 चे

अमरावती जिल्ह्यात, सातपुड्याच्या कुशीतल्या सालबर्डीला महाशिवरात्रीची मोठी यात्रा भरते. तिथले गरम पाण्याचे झरे भाविकांइतकेच भूवैज्ञानिकांच्याही ओळखीचे आहेत. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने सोन-नर्मदा-तापी पट्ट्यात त्यांची नोंद केव्हाच केली. या सर्वेक्षणाच्या मध्य विभागाचे मुख्यालय नागपुरातच, सेमिनरी हिल्सवर आहे.

केंद्राने उष्ण झऱ्यांसाठी समिती नेमली 1966 मध्ये. 1991 मध्ये देशाचा भूऔष्णिक नकाशासंग्रह निघाला: सुमारे 340 झरे आणि 10 हजार मेगावॉटच्या आसपास वीजक्षमतेचा अंदाज. शास्त्रज्ञांनी आपले काम चोख केले होते.

नियमांचे घोडे मात्र अडले. जमिनीखालची उष्णता खनिज मानायची की पाणी? खनिज म्हटले तर 1957 चा केंद्रीय कायदा आणि नागपुरातलाच भारतीय खाण ब्युरो आठवतो. पाणी म्हटले तर विषय राज्याचा. महाराष्ट्राचा 2009 चा भूजल कायदा 60 मीटरच्या विहिरीलाच खोल विहीर म्हणतो. टंचाईसाठी ते योग्यच आहे, पण भूऔष्णिक विहीर शेकडो, कधी हजारो मीटर खाली जाते.

हा पेच इंडोनेशियाने अनुभवला. तिथे 2003 च्या कायद्याने भूऔष्णिक कामाला खाणकामात धरले, त्यामुळे संरक्षित जंगलांतले प्रकल्प अडले. 2014 मध्ये नवा कायदा करून ते वेगळे काढावे लागले. न्यूझीलंडमधल्या रोटोरुआत उलटे घडले. घरोघरच्या बोअरमुळे गरम कारंजी मंदावली, तेव्हा सरकारने 1986 मध्ये पोहुतू कारंज्याभोवतीच्या दीड किलोमीटरमधली बोअर बंद करण्याचा निर्णय घेतला. कारंजी पुन्हा जोमाने उसळू लागली.

आपल्याकडे लडाखच्या पुगा खोऱ्यातल्या भूऔष्णिक प्रकल्पासाठी ओएनजीसीने 2021 मध्ये करार केला. ऑगस्ट 2022 मध्ये खोदकामात उफाळलेले गरम पाणी नाल्यात गेले आणि काम थांबले.

अखेर सप्टेंबर 2025 मध्ये केंद्राचे राष्ट्रीय भूऔष्णिक ऊर्जा धोरण आले. वीजच नव्हे, शेती, मत्स्यपालन, इमारती तापवणे-थंड करणे यांचाही त्यात विचार आहे. उशिरा का होईना, पाऊल योग्य आहे. पण धोरण म्हणजे कायदा नव्हे. सालबर्डी, उनपदेव, वज्रेश्वरी, तुरळ इथल्या झऱ्यांचे तापमान आणि प्रवाह आधी मोजून ठेवणे, वापरलेले पाणी पुन्हा जमिनीत सोडण्याची सक्ती आणि धोका दिसताच काम थांबवण्याचा अधिकार, एवढे तरी राज्य सरकारने पहिला परवाना देण्याआधी नियमांत लिहावे.