येवल्याची काठी, बेळगावची सावली
लेखमाला : शाळेतलं आकाश (भाग सातवा)

येवला आणि बेळगाव यांच्यात वरवर पाहता काहीच सारखं नाही. एकीकडे पैठणी आणि पावसाची वाट पाहणारी शेतं, दुसरीकडे कुंदा आणि सह्याद्रीवरून येणारा धो धो पाऊस. पण नकाशात रेखांश पाहिले तर येवला ७४.४९ अंश पूर्वेला सापडतो आणि बेळगाव ७४.५० अंशांवर. म्हणजे बेळगाव येवल्याच्या जवळजवळ नेमकं दक्षिणेला आहे. सूर्य दोन्ही गावांत एकाच क्षणी मध्यान्हीला पोचतो आणि एकाच क्षणी कलायला लागतो. घड्याळाची कुठलीही दुरुस्ती न करता दोन शाळा एकत्र माप घेऊ शकतील, अशी ही जोडी आहे.

सुमारे २२०० वर्षांपूर्वी इराटोस्थेनिसने सायीन आणि अलेक्झांड्रिया या दोन गावांमधल्या सावलीच्या फरकावरून पृथ्वीचा घेर काढला. ही गोष्ट बहुतेक मुलांनी भूगोलाच्या तासाला ऐकलेली असते, करून पाहिलेली मात्र नसते. आधीच्या भागांमध्ये दुर्बिणी, नकाशे आणि आकाश ओळखणं झालं. या भागाचा विषय आहे आठवी-नववीच्या मुलांचं संशोधन. त्यासाठी सुरुवातीला लागते एक मीटर लांबीची काठी.

येवल्याचा अक्षांश २०.०४ अंश. २० मेच्या सुमारास सूर्य तिथे मध्यान्ही अगदी डोक्यावर येतो. हा शून्य सावलीचा दिवस. भारतीय प्रमाणवेळ ८२.५ रेखांशावर बांधलेली असल्यामुळे येवल्याची खरी मध्यान्ह बारा वाजता होत नाही, त्या दिवशी ती साधारण १२ वाजून २८ मिनिटांनी होते. त्याच मिनिटाला १५.८५ अक्षांशावरच्या बेळगावात सूर्य माथ्यापासून ४.२ अंश उत्तरेला असतो आणि मीटरभर काठीची सावली सव्वासात-साडेसात सेंटिमीटर दक्षिणेला पडते. दोन गावांमधलं सरळ अंतर सुमारे ४६४ किलोमीटर. रस्त्याचं अंतर इथे चालत नाही, नकाशावर पट्टी ठेवूनच ते मोजावं लागतं. आता त्रैराशिक मांडायचं : ४.२ अंशांना ४६४, तर ३६० अंशांना किती? उत्तर येतं सुमारे ३९,८००. ध्रुवांवरून जाणारा पृथ्वीचा खरा घेर ४०,००८ किलोमीटर आहे.

उत्तर इतकं जवळ येतं ते कागदावर. प्रत्यक्ष काठी रोवली की खरी शाळा सुरू होते. सावलीचं टोक रेघेसारखं स्पष्ट नसतं. सूर्य हा बिंदू नाही, आकाशात तो अर्ध्या अंशाची तबकडी आहे. त्यामुळे मीटरभर उंचीवरून पडणाऱ्या सावलीची कड जवळजवळ नऊ मिलिमीटर रुंदीच्या पट्ट्यात विरत जाते. बेळगावच्या मुलीने त्या पट्ट्यात चार मिलिमीटर इकडेतिकडे खूण केली, तर पृथ्वीचा घेर दोन हजारांहून अधिक किलोमीटरने हलतो. एकाच सावलीवर तिघींनी खुणा केल्या तर तीन वेगळे घेर निघतील आणि तिघींपैकी कुणीही निष्काळजी नसेल.

उपाय जुना आणि स्वस्त आहे. काठीच्या टोकावर पत्र्याची चकती बसवायची आणि तिला बारीक भोक पाडायचं. चकतीच्या सावलीत सूर्याची गोल प्रतिमा पडते, तिच्या कडा पेन्सिलने गिरवायच्या आणि मध्यबिंदू काढायचा. मोजायचं ते भोकाच्या थेट खाली ओळंबा जिथे टेकतो तिथपासून या मध्यबिंदूपर्यंत. विरलेल्या कडेचा अंदाज करण्यापेक्षा गोलाचा मध्य काढणं कितीतरी खात्रीचं असतं. दक्षिणोत्तर दिशेसाठी होकायंत्राचीही गरज नाही. काठीभोवती वर्तुळ काढावं, सकाळी आणि दुपारी सावलीचं टोक वर्तुळाला जिथे शिवतं तिथे खुणा कराव्यात आणि त्या जोडाव्यात. ती पूर्व-पश्चिम रेषा. शुल्बसूत्रांच्या काळापासून आपल्याकडे शंकू रोवून दिशा अशाच काढल्या जात.

एक अडचण मात्र आहे. २० मे म्हणजे उन्हाळ्याची सुट्टी, वर्ग रिकामे आणि मुलं मामाच्या गावाला. सूर्य येवल्याच्या माथ्यावर पुन्हा येतो २३ जुलैच्या सुमारास. तेव्हा शाळा भरलेली असते, पण आभाळही भरलेलं असतं. येवला पर्जन्यछायेत असल्यामुळे तिथे दुपारी ऊन मिळण्याची थोडी तरी आशा, बेळगावात ती जवळजवळ नाहीच. यातून वाट काढताना मुलांना एक महत्त्वाची गोष्ट उमगते : सूर्य माथ्यावर असण्याची गरजच नाही. दोन्ही गावांतले कोन मोजून वजाबाकी केली की फरक वर्षभर तोच, ४.२ अंश. २२ डिसेंबरला स्वच्छ हिवाळी उन्हात येवल्यात मीटरभर काठीची सावली सुमारे ९५ सेंटिमीटर भरेल आणि बेळगावात ८२. पाठ्यपुस्तकातली गोष्ट एका खास दिवसाला बांधलेली असते. मुलं स्वतः विचार करू लागली की प्रयोग त्या दिवसातून मोकळा होतो.

तरीही २० मे या तारखेला महाराष्ट्रात आता एक वेगळा अर्थ आहे. २०२५ मध्ये त्याच दिवशी खगोलशास्त्रज्ञ डॉ. जयंत नारळीकर गेले. सही मागायला आलेल्या मुलांना ते सांगत, सही नको, पोस्टकार्डावर एक प्रश्न लिहून पाठव, मी उत्तर देईन. आणि ते उत्तर देत. १९८८ मध्ये पुण्यात ‘आयुका’ ही खगोलशास्त्राची संस्था उभी राहिली, नारळीकर तिचे संस्थापक संचालक. संस्था विद्यापीठांच्या संशोधकांसाठी, पण शाळकरी मुलांसाठी तिचं दार सुरुवातीपासून उघडं राहिलं. दुसऱ्या शनिवारची व्याख्यानं झाली, पुढे मुक्तांगण विज्ञान शोधिका झाली. उन्हाळी उपक्रमात शाळकरी मुलगा किंवा मुलगी काही दिवस एका शास्त्रज्ञाबरोबर काम करते. त्याला ठरलेला अभ्यासक्रम नाही आणि परीक्षाही नाही. शास्त्रज्ञ आपल्या आवडीचा प्रश्न काढतो, मूल त्याला भिडतं आणि शेवटी काय केलं ते लिहून देतं.

पुणे-नाशिक रस्त्यावर नारायणगावाजवळ खोडदला याच कामाचं दुसरं रूप पाहायला मिळतं. तिथे द्राक्षं, टोमॅटो आणि उसाच्या शेतांमध्ये जीएमआरटीच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या आहेत. गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून उभी राहिलेली ही रेडिओ दुर्बीण. चौदा तबकड्या मध्यभागी साधारण एक चौरस किलोमीटरमध्ये आहेत, उरलेल्या सोळा इंग्रजी वाय अक्षराच्या तीन फाट्यांवर दूरवर पसरलेल्या. दर वर्षी २८ फेब्रुवारीच्या राष्ट्रीय विज्ञान दिनाला वेधशाळा सगळ्यांसाठी खुली होते आणि आसपासच्या शाळा-महाविद्यालयांचं विज्ञान प्रदर्शन भरतं. हजारो माणसं येतात. गावातल्या शाळेचा मुलगा आपल्या टेबलाशी उभा राहून सांगतो, समोर ऐकणाऱ्यांत रेडिओ खगोलशास्त्रज्ञही असतो.

तालुक्यापासून राज्यापर्यंतच्या विज्ञान प्रदर्शनांमध्ये खगोलाच्या टेबलावर बहुधा एकच वस्तू दिसते : थर्माकोलची सूर्यमाला. ती करताना मुलं रंगतात, ग्रहांचा क्रम पाठ होतो, हे चांगलंच आहे. पण त्या प्रतिकृतीत चुकण्यासारखं काही नसतं. सावली मोजणाऱ्या मुलाचं उत्तर चुकू शकतं आणि ते किती चुकलं हे त्याला सांगता येतं. प्रतिकृती आणि संशोधन यांच्यातला फरक इथे आहे. शिक्षकांनी बक्षीस देताना तो पाहिला पाहिजे. मुंबई विज्ञान अध्यापक मंडळाच्या डॉ. होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धेत सहावी आणि नववीच्या मुलांना लेखी आणि प्रात्यक्षिक परीक्षेनंतर कृती संशोधन प्रकल्प करावा लागतो, तो याचसाठी. राष्ट्रीय बालविज्ञान परिषद १९९३ पासून मुलांना आपल्या परिसरातला प्रश्न घ्यायला आणि आपल्या भाषेत मांडायला सांगत आली आहे. मराठी माध्यमाच्या मुलांसाठी ही सोय फार मोलाची आहे.

परिसरातला प्रश्न येवल्यात शोधायला लांब जावं लागत नाही. संक्रांतीला आसारी, म्हणजे मांजाची फिरकी, घेऊन गच्चीवर चढणारी पोरं मांजा किती सोडला यावरून पतंगाच्या उंचीचा अंदाज बांधतच असतात. कोनमापकाला दोरा आणि नट बांधून पतंगाचा कोन मोजला की त्या अंदाजाचं गणित होतं. तेच साधन रात्री ध्रुवाकडे रोखलं की वीस अंश दाखवतं. तो येवल्याचा अक्षांश. कोनमापक नसेल तर हात लांब करून मूठ धरावी. एक मूठ साधारण दहा अंशांची, म्हणून क्षितिजापासून दोन मुठींवर ध्रुव सापडतो.

दुसरा प्रश्न उजेडाचा. पैठणीची दालनं, पेट्रोल पंप आणि मनमाड-शिर्डी रस्त्यावरचे दिवे यांनी गावाचं आकाश किती धुतलं आहे? याच तालुक्यात राजापूर-ममदापूरचा काळविटांचा राखीव पट्टा आहे, तिकडची गावं रात्री बरीच अंधारी. चंद्र नसलेल्या एकाच रात्री, एकाच वेळी, एका गटाने गावातल्या गच्चीवरून आणि दुसऱ्याने ममदापूरच्या बाजूच्या एखाद्या घराच्या अंगणातून मृग नक्षत्राच्या चौकोनातले तारे मोजायचे. आधी वीस मिनिटं डोळे अंधाराला सरावू द्यायचे, टॉर्चवर लाल कागद लावायचा. दुसऱ्या रात्री गटांनी जागा बदलायच्या, नाहीतर फरक आकाशाचा की नजरेचा हे कळणार नाही. ‘ग्लोब ॲट नाइट’ या मोहिमेत २००६ पासून जगभरातले लोक अशाच नोंदी पाठवत आहेत, त्यांत येवल्याच्या नोंदी सहज जोडता येतील.

नुसत्या डोळ्यांनी खरं संशोधन होतं का, अशी शंका येणाऱ्यांनी जॉन गुडरिकची आठवण ठेवावी. इंग्लंडातल्या यॉर्कमधला हा मुलगा बहिरा होता. १७८२ मध्ये, अठराव्या वर्षी, तो ययाति तारकासमूहातल्या अल्गोल ताऱ्यावर रोज रात्री नजर ठेवू लागला. शेजारच्या ताऱ्यांशी तुलना करून त्याने दाखवलं की अल्गोल ठरावीक काळाने मंदावतो : २ दिवस, २० तास आणि ४९ मिनिटं. दुसरा एखादा काळोखा गोल त्याला झाकत असावा, असं त्याने सुचवलं. ते बरोबर निघालं. रॉयल सोसायटीने १७८३ मध्ये त्याला कोप्ली पदक दिलं.

त्याची पद्धत आजही तीच आहे. २०१९ च्या अखेरीपासून मृगातला काक्षी हा तारा अचानक मंदावू लागला आणि फेब्रुवारी २०२० मध्ये १.६ प्रतीपर्यंत उतरला. एरवी तो रोहिणीहून ठळक असतो, तेव्हा रोहिणी त्याच्यापुढे उघडपणे तेजस्वी दिसत होती. येवल्याच्या गच्चीवरूनही हे दिसण्यासारखं होतं. रोज रात्री काक्षी रोहिणीच्या मानाने कसा दिसतो एवढंच जरी कुणी तारखेसह लिहून ठेवलं असेल, तरी त्याच्या वहीत एका महाकाय ताऱ्याच्या धुळीच्या ढगाची नोंद आहे. त्या ढगानेच काक्षीचा काही भाग झाकला, असं नंतरच्या अभ्यासांतून दिसलं. १९११ मध्ये स्थापन झालेली रूपविकारी ताऱ्यांच्या निरीक्षकांची अमेरिकी संघटना हौशी लोकांच्या अशा नोंदी जमवते आणि शास्त्रज्ञ त्या वापरतात.

लघुग्रहांच्या शोधाला मात्र संगणक लागतो. टेक्सासमधल्या हार्डिन-सिमन्स विद्यापीठातून २००६ पासून चालणाऱ्या आंतरराष्ट्रीय मोहिमेत हवाई बेटांवरच्या पॅन-स्टार्स दुर्बिणीची छायाचित्रं शाळांना मिळतात. आकाशाच्या एकाच तुकड्याची, काही मिनिटांच्या अंतराने घेतलेली चार चित्रं. मुलं ती एकामागून एक पडद्यावर फिरवतात. तारे जागेवर राहतात, एखादा ठिपका सरळ रेषेत, सारख्या वेगाने सरकतो. मग तपासणी : ठिपका चारही चित्रांत आहे का? गोल आहे का, की कॅमेऱ्यातला डाग? त्याची ठळकता सारखी आहे का? सगळं जुळलं तर स्थानं मोजून अहवाल पाठवायचा. २०२० मध्ये सुरतच्या दहावीतल्या दोन मुलींना याच मोहिमेत एक लघुग्रह सापडला. भविष्यात त्याची कक्षा पृथ्वीच्या कक्षेला छेदेल असं तेव्हा सांगितलं गेलं.

इथे पालकांनी आणि बातमीदारांनी एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. मुलांनी पाठवलेली पहिली नोंद ही प्राथमिक असते. दुसऱ्या रात्रींच्या निरीक्षणांनी ती पक्की झाली तर तात्पुरता क्रमांक मिळतो. कक्षा खात्रीने ठरून कायमचा क्रमांक मिळायला कित्येक वर्षं जातात, नाव त्यानंतर. पहिल्याच टप्प्यावर ‘नवा ग्रह शोधला’ असा मथळा छापून आला आणि पुढे नोंद पक्की झाली नाही, तर मुलाला उगाच खोटं पडल्यासारखं वाटतं. वास्तविक त्याने काम चोख केलेलं असतं. कुठला टप्पा आहे तेवढं बातमीत लिहावं.

या सगळ्या प्रकल्पांत एक वस्तू समान आहे, वही. पानावर रकाने आखलेले : तारीख, वेळ, आभाळ कसं होतं, कोण पाहत होतं, माप पहिलं, दुसरं, तिसरं. चुकलेला आकडा खोडरबराने पुसायचा नाही, त्यावर एक रेघ मारायची आणि शेजारी नवा लिहायचा, कारण पुढे कधीतरी तोच बरोबर होता असं निघू शकतं. घरी बसून गोड अक्षरात उतरवून काढलेली वही परीक्षकाला आवडेल, पण गच्चीवर अंधारात लिहिलेली वाकडीतिकडी वही जपून ठेवावी.

पुढच्या भागात घराच्या छपरावरची डीटीएच छत्री. मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला सूर्य उपग्रहाच्या बरोबर मागे येतो आणि काही मिनिटं टीव्हीवरचं चित्र फाटतं. केबलवाले ही वेळ चांगली ओळखून असतात. तोवर ज्यांच्या घरी अशी छत्री आहे त्यांनी तिची दिशा कोणती आणि तिचा क्षितिजाशी कोन किती, हे नट बांधलेल्या कोनमापकाने मोजून वहीत लिहून ठेवावं.