‘सक्सेस’ शब्दाचा मूळ अर्थ

दहावीच्या निकालाच्या दिवशी घरोघरी ‘सक्सेस’ हा शब्द कानी पडतो. लॅटिन भाषेतील ‘सुच्चेदेरे’, म्हणजे ‘मागून येणे’, या क्रियापदापासून तो आला. १६व्या शतकात इंग्रजीत त्याचा अर्थ होता परिणाम. मग तो चांगला असो वा वाईट. आपल्या ‘निकाल’ शब्दासारखाच! पुढे केवळ ‘यश’ हा अर्थ रूढ झाला. ‘सक्सेसर’, म्हणजे उत्तराधिकारी, हा शब्दही त्याच मुळाचा. बिशपांना आम्ही प्रेषितांचे उत्तराधिकारी म्हणतो.

जुन्नर तालुक्यातील आणे पठारावरचा शेतकरी पावसाच्या भरवशावर पेरणी करतो. पीक मागून येते. कधी येतही नाही. म्हणून त्याचे कष्ट उणे ठरत नाहीत. नापास झालेल्या आपल्या मुलांनाही आपण हेच सांगू या.