शील्ड गेली, ट्रॉफी आली: एकाच मैदानावर

काल मीरा रोड स्टेशनवर माझी आकाशी जर्सी बघून शाळकरी मुलाने विचारलं, "काका, 2024 मध्ये मुंबई सिटी शील्ड हरली तरी चॅम्पियन कशी झाली?"

अंधेरी येईपर्यंत त्याला सांगितलं, ते इथेही सांगतो.

आयएसएलमध्ये, म्हणजे इंडियन सुपर लीग या फुटबॉल स्पर्धेत, तेव्हा दोन मान होते. साखळीत गुणतक्त्यात पहिला येणाऱ्याला शील्ड. मग पहिले सहा संघ प्लेऑफ खेळायचे, त्यातला विजेता ट्रॉफी न्यायचा.

15 एप्रिल 2024, कोलकात्याचं सॉल्ट लेक. मोहन बागानविरुद्ध शेवटचा साखळी सामना. शील्डसाठी आम्हाला बरोबरीही पुरली असती. 0-2 ने मागे होतो. 89 व्या मिनिटाला आमच्या छांगतेने गोल केला, पण 1-2 ने हरलो. त्या रात्री भाईंदरच्या घरात मी जेवलो नाही.

19 दिवसांनी, 4 मे रोजी, अंतिम सामना: तेच मैदान, तोच प्रतिस्पर्धी, साठ हजारांहून जास्त प्रेक्षक. पुन्हा पहिला गोल त्यांचाच. मग आमच्या डियाझने बरोबरी साधली, बिपिन सिंगने आघाडी दिली आणि भरपाई वेळेत वोयतुशने तिसरा मारला. 3-1! सोसायटीत पेढे वाटले.

बिपिनने 2021 च्या अंतिम सामन्यातही 90 व्या मिनिटाला बागानविरुद्धच विजयी गोल केला होता. तेव्हा कोविडमुळे गोव्यातलं फातोर्ड्याचं स्टेडियम रिकामं होतं. आपली पहिली ट्रॉफी, आणि टाळ्या वाजवायला स्टँडमध्ये कोणी नाही. ते मला अजून सलतं.

अंधेरीला, आपल्या घरच्या मैदानावर, पहिल्यांदा सामना बघायला यायचंय? काही विचारायचं असेल तर खाली लिहा. तुमची सर्वांत वाईट रात्र कोणती, तेही सांगा.