पयोष्णीकाठचे गणिती

दोन ऋण संख्यांचा गुणाकार धन का येतो, हा प्रश्न आठवी-नववीच्या वर्गात दरवर्षी एखादा तरी मुलगा किंवा मुलगी विचारतेच. अमरावतीच्या शाळेत विचारते, अकोल्याच्या शिकवणीत विचारते. बहुतेक वेळा उत्तर मिळते, "नियम आहे, पाठ कर." साधारण चारशे वर्षांपूर्वी या प्रश्नाला बगल न देता, कारणासकट उत्तर लिहून ठेवणारे कृष्ण दैवज्ञ मूळच्या वऱ्हाडच्याच घराण्यातले होते, ही गोष्ट आपल्याकडे प्रत्येक गणिताच्या शिक्षकाला ठाऊक असायला हवी.

या घराण्याचे मूळ गाव विदर्भातले दधिग्राम. पयोष्णीच्या काठचे गाव अशी त्याची ओळख घराण्यातल्या ग्रंथकारांनीच दिली आहे. वऱ्हाडात पयोष्णी म्हणजे पूर्णा. सातपुड्यात उगम पावून अमरावती, अकोला, बुलडाणा असे जिल्हे ओलांडत ती जळगाव जिल्ह्यात चांगदेवजवळ तापीला मिळते. तिच्या दोन्ही अंगांना खारपाणपट्टा पसरलेला आहे. दह्याचे नाव वागवणारी गावे या मुलखात आजही आहेत. अंजनगाव सुर्जी तालुक्यात दहिगाव आहे, अकोला तालुक्यात दहिहंडा आहे. यांतले एखादे म्हणजेच ते दधिग्राम, असे केवळ नावाच्या साम्यावरून म्हणणे मात्र घाईचे होईल.

वंशावळ स्पष्ट आहे. चिंतामणी, त्यांचे पुत्र राम, रामांचे त्रिमल्ल आणि त्रिमल्लांचे बल्लाळ. बल्लाळ वऱ्हाड सोडून काशीला गेले. सोळावे शतक वऱ्हाडासाठी धामधुमीचे होते. एलिचपूरची इमादशाही 1574 मध्ये बुडाली, प्रदेश निजामशाहीकडे गेला आणि 1596 मध्ये मोगलांच्या हाती पडला. बल्लाळांना राम, कृष्ण, गोविंद, रंगनाथ आणि महादेव असे पाच मुलगे. रंगनाथांनी सूर्यसिद्धान्तावर 'गूढार्थप्रकाशिका' ही टीका 1603 मध्ये लिहिली. त्याच वर्षी त्यांना मुलगा झाला, तो मुनीश्वर. शंकर बाळकृष्ण दीक्षितांनी 'भारतीय ज्योतिःशास्त्र' या 1896 मध्ये प्रसिद्ध झालेल्या मराठी ग्रंथात या घराण्याची दखल घेतली आहे. ज्याला ही माणसे शोधायची असतील त्याने तिथूनच सुरुवात करावी.

कृष्ण दैवज्ञांचे गुरू विष्णू हे कोकणातल्या नांदगावच्या गणेश दैवज्ञांच्या परंपरेतले. 'ग्रहलाघव' लिहिणारे आणि 1545 मध्ये लीलावतीवर 'बुद्धिविलासिनी' ही टीका करणारे ते गणेश दैवज्ञ. म्हणजे कोकणात रुजलेली विद्या काशीला जाऊन एका वऱ्हाडी घरात वाढली. कृष्ण दैवज्ञांना जहांगीर बादशहाच्या दरबारी मान होता. श्रीपतीच्या जातकपद्धतीवर उदाहरणासह टीका लिहिताना त्यांनी कुंडली घेतली ती अब्दुल रहीम खानखानानची. त्यांचे खरे मोठे काम मात्र 'बीजपल्लव'. भास्कराचार्यांच्या 'बीजगणिता'वरची ही टीका 1600 च्या सुमाराची आहे. 'नवांकुर' या नावानेही ती ओळखली जाते.

भास्कराचार्यांनी 1150 मध्ये, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, 'सिद्धान्तशिरोमणी' पुरा केला. लीलावती, बीजगणित, ग्रहगणित आणि गोलाध्याय हे त्याचे चार भाग. श्लोकांत नियम असतो, उदाहरण असते, पण नियम खरा का, हे श्लोकात मावत नाही. ते काम टीकाकाराचे. जुन्या गणिती परंपरेत या कारणमीमांसेला उपपत्ती म्हणत. कृष्ण दैवज्ञांची टीका उपपत्तींनी भरलेली आहे, आणि माझ्या मते तिचे मोल मूळ ग्रंथाहून तसूभरही कमी नाही.

ऋण संख्येचेच बघा. कृष्ण दैवज्ञ म्हणतात, ऋणपण म्हणजे उलटपणा आणि तो तीन प्रकारांनी दिसतो: जागेने, काळाने आणि वस्तूने. पूर्व-पश्चिम रेषेवर पूर्वेकडचे अंतर धन धरले तर पश्चिमेकडचे ऋण. पुढचा काळ धन तर मागचा ऋण. घरातली मालमत्ता धन तर डोक्यावरचे कर्ज ऋण. त्यांची रीत आपल्या रेल्वेमार्गावर लावून पाहू. मूर्तिजापूर शून्य माना. बडनेरा पूर्वेला साधारण 42 किलोमीटर, म्हणून धन 42. अकोला पश्चिमेला साधारण 37, म्हणून ऋण 37. दोघांमधले अंतर काढायचे तर 42 मधून ऋण 37 वजा करायचे. पण अकोला ते बडनेरा जाणाऱ्या प्रवाशाला विचारा, तो 79 किलोमीटर सांगेल. ऋण वजा केले की बेरीज होते, हे इथे रुळांवरच दिसते. कृष्ण दैवज्ञांनी रेषेवरच्या दोन दिशांनी जे सांगितले, तेच इंग्लंडमध्ये जॉन वॉलिस यांनी 1685 च्या आपल्या बीजगणितात पुढे-मागे चालणाऱ्या माणसाच्या उदाहरणाने समजावले. त्याआधी 1637 मध्ये देकार्तसारखा गणिती समीकरणाच्या ऋण उत्तरांना 'खोटी' म्हणत होता.

आता गुणाकार. 8 गुणिले 7 म्हणजे 56. तेच (10 − 2) गुणिले (10 − 3) असे मांडा. दहा दाहे शंभर, त्यातून 30 गेले, 20 गेले, उरले 50. उत्तर तर 56 हवे. म्हणजे ऋण 2 आणि ऋण 3 यांच्या गुणाकाराने 6 ची भर घातलीच पाहिजे. दुसरा मार्गच नाही. गुणक तोडून, त्याचे तुकडे वेगवेगळे गुणून पुन्हा जुळवायचे, ही रीत जुन्या गणितात खंडगुणन म्हणून रुळलेली होती. ही मांडणी फळ्यावर करायला दोन मिनिटे पुरतात.

ऋण उत्तराचे काय करायचे, याचे भास्कराचार्यांचे एक उदाहरण मला फार आवडते. माकडांचा कळप आहे. कळपाच्या पाचव्या भागातून तीन वजा करून जे येईल त्याचा वर्ग केला, तितकी माकडे गुहेत गेली. एक बाहेर दिसते. कळप केवढा? समीकरण सोडवले की दोन उत्तरे येतात, 50 आणि 5. पन्नासचा पाचवा भाग 10, तीन गेले 7, वर्ग 49 आणि बाहेरचे एक धरून 50. जमले. पाचचा पाचवा भाग 1, तीन गेले ऋण 2, वर्ग 4 आणि एक मिळून 5. हेही जमले! पण वर्ग करण्याआधी 'ऋण दोन माकडे' मानावी लागतात, आणि व्यवहारात लोकांना ते पटत नाही, म्हणून दुसरे उत्तर घेऊ नये, असे भास्कराचार्य सांगतात. समीकरण चुकलेले नाही. उत्तर प्रश्नाच्या जगात बसते का, हे मात्र सोडवणाऱ्यालाच पाहायचे असते. वर्गसमीकरणाची दोन्ही उत्तरे लिहून खाली दोन रेघा ओढणाऱ्या आपल्या दहावीच्या मुलांना हे उदाहरण जरूर द्यावे.

बीजगणित आणि भूमिती यांची सांगड घालणारे एक उदाहरणही भास्कराचार्यांच्या 'बीजगणिता'तच आहे. काटकोन त्रिकोणाच्या दोन बाजू 15 आणि 20 असतील तर कर्ण किती, आणि रूढ रीत खरी का, तेही दाखव. एक मार्ग असा. कर्ण अव्यक्त माना. काटकोनातून कर्णावर लंब टाका. दोन लहान त्रिकोण मूळ त्रिकोणाशी समरूप होतात. कर्णाचा एक तुकडा 225 भागिले कर्ण, दुसरा 400 भागिले कर्ण. दोन्ही मिळून पुन्हा कर्ण. म्हणून कर्णाचा वर्ग 625 आणि कर्ण 25. दुसरा मार्ग कागद कापून करता येतो. असे चार त्रिकोण कर्णाच्या चौरसात चार बाजूंना टेकवून ठेवा. मध्ये एक छोटा चौरस उरतो. त्याची बाजू 20 वजा 15 म्हणजे 5 आणि क्षेत्रफळ 25. एका त्रिकोणाचे क्षेत्रफळ 150, चारांचे 600. एकूण 625. ज्याला आकृती उमगत नाही त्याला राशींनी पटवावे, ज्याला राशी जड जातात त्याला आकृती दाखवावी, अशी या ग्रंथाची शिकवण्याची दृष्टी आहे. आपल्या राज्याच्या पुस्तकांत आता 'गणित भाग 1' आणि 'गणित भाग 2' असे वेगळे खंड असतात. हे एकच उदाहरण दोन्ही खंडांत चालेल.

शून्याने भागण्याबद्दल कृष्ण दैवज्ञांनी जे लिहिले ते वाचून मी थांबलो. कोणत्याही संख्येला शून्याने भागले की येणाऱ्या राशीला भास्कराचार्य 'खहर' म्हणतात. ती अनंत का? कृष्ण दैवज्ञांचे म्हणणे थोडक्यात असे: भाजक जितका कमी कराल तितका भागाकार वाढतो. भाजक अगदी शेवटापर्यंत कमी केला तर भागाकार शेवटापर्यंत वाढला पाहिजे. पण 'इतका झाला' असे जोवर सांगता येते तोवर तो शेवटाला पोचलेला नाही, कारण त्याहून मोठा सांगता येतोच. म्हणून त्याला इयत्ता, म्हणजे ठरावीक माप, नाही. आज अकरावीत सीमा शिकवताना नेमका हाच विचार करावा लागतो. आधुनिक गणित शून्याने भागाकाराला अर्थच देत नाही, फक्त भाजक शून्याकडे जाताना काय होते ते पाहते. कृष्ण दैवज्ञांचा युक्तिवादही भाजकाच्या या कमी होत जाण्यावरच उभा आहे, त्यामुळे तो आजच्या विद्यार्थ्याला परका वाटत नाही. याच संदर्भात शंकूच्या, म्हणजे उभ्या रोवलेल्या काठीच्या, सावलीचे उदाहरण येते. सूर्य क्षितिजावर असताना शंकू लहान घ्या की मोठा, सावली अनंतच. पूर्णेच्या सपाट काळ्या रानात कोणीही संध्याकाळी काठी रोवून सावली लांबताना पाहावी.

या टीकेचा उपयोग साहेबांनीही केला. कोलब्रूक यांनी 1817 मध्ये लंडनमध्ये ब्रह्मगुप्त आणि भास्कराचार्य यांच्या गणिताचे इंग्रजी भाषांतर छापले. त्यातल्या तळटीपांत कृष्णांचे नाव वारंवार येते. खहराचा हा युक्तिवाद युरोपच्या वाचकांपर्यंत त्या तळटीपांतूनच पोचला.

बीजगणितातला सर्वांत सुंदर भाग म्हणजे चक्रवाल. भास्कराचार्य विचारतात, कोणत्या पूर्णांकाचा वर्ग 67 ने गुणून त्यात 1 मिळवला तर पूर्ण वर्ग मिळेल? अंदाजाने शोधायला बसलो तर आयुष्य जाईल. चक्रवालात अगदी जवळच्या चुकीपासून सुरुवात करतात. 8 चा वर्ग 64. तो 67 पेक्षा 3 ने कमी. या ऋण 3 वरून पुढची जोडी मिळते: 41 आणि 5. 41 च्या वर्गातून 5 च्या वर्गाची 67 पट वजा केली की फरक धन 6. तिच्यावरून 90 आणि 11, फरक ऋण 7. तिच्यावरून 221 आणि 27, फरक ऋण 2. इथे ही जोडी स्वतःशीच जुळवायची, दोनाने भागायचे, आणि उत्तर हाती: 48842 आणि 5967. पडताळा करा. 5967 चा वर्ग 35605089. त्याला 67 ने गुणले की 2385540963. एक मिळवला की तो बरोबर 48842 चा वर्ग. चार पायऱ्यांत हे साधते. 61 घेऊन असेच दुसरे उदाहरण भास्कराचार्यांनी दिले आहे. तोच 61 घेऊन फर्मा यांनी 1657 मध्ये आपल्या समकालीन गणितींना आव्हान दिले होते. दरम्यान पाच शतके उलटली होती.

कृष्ण दैवज्ञांचे पुतणे मुनीश्वर यांचा वाटाही मोठा. लीलावतीवर 'निसृष्टार्थदूती' आणि सिद्धान्तशिरोमणीवर 'मरीचि' या त्यांच्या टीका. स्वतःचा 'सिद्धान्तसार्वभौम' त्यांनी 1646 मध्ये रचला. काशीतच गोदाकाठच्या गोळग्रामाहून आलेले गणिती कमलाकर यांचे घराणे होते आणि या दोन घराण्यांत गणितावरून कडाक्याचे वाद झाले. वाद झाले याचाच अर्थ वाचणारे, तपासणारे होते.

'मरीचि' ज्या ग्रंथावर आहे त्यात कलनाचे बीज आहे. ग्रहाची दिवसाची सरासरी गती नव्हे, त्या क्षणाची तात्कालिक गती भास्कराचार्यांना हवी होती. त्यासाठी त्यांनी ओळखले की ज्या (आजची साइन) किती भरभर वाढते ते कोटिज्येवर (कोसाइनवर) अवलंबून असते. त्रिज्या 3438 धरली तर पहिल्या अंशात ज्या जवळजवळ 60 ने वाढते. 89 अंशांवरून 90 वर जाताना वाढ असते साधारण अर्धा. टोकाला पोचले की वाढ शून्य. ग्रहाचे फल, म्हणजे त्याच्या सरासरी स्थानात करायची दुरुस्ती, सर्वांत जास्त असते तिथे गतीतली दुरुस्ती शून्य होते, हे त्यांनी स्पष्ट सांगितले. कमाल मूल्यापाशी विकलज शून्य, असे आज आपण लिहितो.

बीजगणित, भूमिती, कलन. अमरावतीत 1923 पासून उभ्या असलेल्या, पूर्वीच्या किंग एडवर्ड कॉलेजमध्ये, अकोल्याच्या महाविद्यालयांत, 1983 मध्ये स्थापन झालेल्या अमरावती विद्यापीठाशी जोडलेल्या सगळ्या वर्गांत हेच तीन विषय चालतात. सोडवायच्या प्रश्नांचे ढीग मुलांसमोर असतात. परीक्षेसाठी सूत्र लागते हे मान्य. पण सूत्र कुठून आले हे न सांगता ते हाती देणे ही शिकवण्यातली उणीव आहे, आणि वऱ्हाडातून गेलेल्या घराण्याने ज्या कामात दोन पिढ्या घालवल्या त्याच्या ती नेमकी उलट आहे.

बीजपल्लव मिळवणे अवघड नाही. पुण्याच्या आनंदाश्रमाने ही टीका संस्कृतात छापली. चेन्नईच्या सीता सुंदर राम यांचा तिच्यावरचा इंग्रजी अभ्यासग्रंथ 2012 मध्ये निघाला. अमरावती-अकोल्याच्या गणित आणि संस्कृत विभागांनी एकत्र बसून यातल्या वीस-पंचवीस उपपत्ती सोप्या मराठीत, आकृत्यांसह काढाव्यात आणि जिल्ह्यांतल्या शाळांना द्याव्यात. आणि पूर्णेच्या काठी ज्यांच्या घरी जुन्या पोथ्या फडक्यात बांधून ठेवलेल्या असतील त्यांनी त्या रद्दीत किंवा नदीत जाऊ न देता एकदा विद्यापीठात दाखवाव्यात, ही विनंती.