सापाचं पिल्लू किती वेळा हातात घ्यावं? जालन्यात सापडलेल्या पिल्लासाठी उत्तर एकच : शून्य वेळा

पावसाळ्यात जालना जिल्ह्यात मोसंबीच्या बागेत, कापसाच्या शेतात, सरपणाच्या ढिगात सापाची पिल्लं दिसू लागतात. एखादं बरणीत जातं, त्याचा रील बनतो आणि प्रश्न पडतो : रोज हातात घेतलं तर ते माणसाळेल का?

कायदा काय सांगतो?
वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार रानातला साप पकडून पाळता येत नाही. २०२२च्या दुरुस्तीनंतर नाग, घोणस आणि धामण पहिल्या अनुसूचीत आहेत. शिक्षा : ३ ते ७ वर्षं कैद आणि किमान २५ हजार रुपये दंड.

पिल्लू लहान, मग धोका कसला?
नागाचं पिल्लू अंड्यातून बाहेर येतं तेव्हाच विषारी असतं. घोणस थेट पिल्लांना जन्म देते, तीही विषारीच. घोणसीचं पिल्लू अनेकांना अजगराचं वाटतं, तर मण्यारचं पिल्लू बिनविषारी कवड्या वाटतो. ओळख चुकली तर जिवावर बेततं.

मग पाळीव साप कोणते?
शहरांत काही जण आफ्रिकेतला बिनविषारी बॉल पायथन पाळतात. त्याची ‘परिवेश’ पोर्टलवर नोंदणी लागते. त्याचं पिल्लू घरी आणल्यावर पहिला आठवडा हात लावायचा नसतो. नीट खाऊ लागलं की आठवड्यातून एक-दोनदा, १०-१५ मिनिटं पुरे. खाल्ल्यावर ४८ तास आणि कात टाकण्याआधी डोळे दुधाळ दिसत असताना अजिबात नाही. पोट भरलेलं असताना उचललं, तर ते भक्ष्य ओकून टाकू शकतं.

साप माणसाळतो का?
कुत्र्यासारखा लळा सापाला लागत नाही. सवयीने तो हाताला कमी घाबरतो, इतकंच. रानातल्या पिल्लासाठी मात्र माणसाचा हात म्हणजे शिकारी. भेदरलेलं पिल्लू खाणंही सोडतं.

पिल्लू दिसलं तर?
लांब राहा, लहान मुलांना बाजूला घ्या, सापावर नजर ठेवा. वनविभागाच्या १९२६ या टोल फ्री क्रमांकावर किंवा सर्पमित्राला फोन करा. चावलाच तर जखम कापू नका, आवळून बांधू नका, मांत्रिकाकडे वेळ घालवू नका. चावलेला हात-पाय न हलवता १०८ बोलवा आणि थेट सरकारी रुग्णालय गाठा. सर्पदंशावरचं इंजेक्शन तिथेच मिळतं.