शेजारच्या पार्टिशनमधील फाइली

एकाच संगणकावर विंडोज आणि लिनक्स या दोन कार्यप्रणाली नांदत असल्या, तरी डिस्कच्या ज्या स्वतंत्र भागांत, म्हणजे पार्टिशनांत, त्या राहतात, तेथील फाइलींची मांडणी भिन्न असते; विंडोजची एनटीएफएस पद्धत १९९३ साली आली, तर लिनक्सची प्रचलित एक्स्ट४ पद्धत विंडोजला मुळात वाचता येत नाही. ही अडचण टोटल कमांडरसारख्या फाइल व्यवस्थापकाला जोडलेले प्लगइन, म्हणजे पूरक सॉफ्टवेअर, दूर करते. ते त्या मांडणीच्या नोंदी स्वतः वाचून फाइली नेहमीच्या फोल्डरांसारख्या दाखवते. कोल्हापुरातील एखाद्या अभ्यासकाने लिनक्सवर देवनागरी नावांनी जपलेली टिपणे विंडोजमध्ये उघडताना मात्र नावांचे यूटीएफ-८ संकेतन प्लगइनला कळणे आवश्यक असते, अन्यथा अक्षरे विस्कटतात. परक्या पार्टिशनमधून फाइल नकलून घ्यावी. तेथे लिहिण्याचा मोह टाळावा.